शंकूची छाया

मुलानें प्रश्न विचारला म्हणजे घरांतील वडील मंडळींस कौतुक वाटतें. त्यानें तोच दुसऱ्यांदा विचारला, कीं आगाऊपणा ठरतो. शाळेंतही स्थिति फारशी निराळी नाहीं. अहिल्यानगरला लागून, पुण्याच्या रस्त्यावर, रेणुकामातेच्या देवळामुळें सर्वांस ठाऊक असलेलें केडगांव आहे. तेथील आमच्या नात्यांतल्या एका मुलीनें परीक्षेंत 'दुपारीं बारा वाजतां सूर्य माथ्यावर नसतो' असें लिहिलें आणि तिचा एक गुण गेला. घरीं आजोबांनीं गुणाची चौकशी केली, उत्तराची केली नाहीं. आम्हांस मात्र त्या उत्तराचेंच नवल वाटतें. कारण तें बरोबर होतें.

केडगांव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें 19 अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळें सूर्य तेथें वर्षांतून दोनदांच खरोखर माथ्यावर येतो: मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यांत. तेंही घड्याळांत बारा वाजतां नव्हे. आपलीं घड्याळें 82.5 अंश रेखांशाच्या वेळेनें चालतात. केडगांव त्याच्या बरेंच पश्चिमेस असल्यामुळें तेथील मध्याह्न सुमारें अर्धा तास उशिरां होतो. 22 डिसेंबरला मध्याह्नीं एक मीटर काठीची छाया 90 सेंटिमीटरांहून अधिक लांब, उत्तरेकडे पडते. 21 जूनला तीच आठ सेंटिमीटरांहून आंखूड, आणि चक्क दक्षिणेकडे! ही दक्षिणेकडची छाया एकदां डोळ्यांनीं पाहिलेल्या मुलास पृथ्वीचा कललेला आंस समजावण्यास फारसे श्रम पडावयाचे नाहींत.

शिक्षकांचीही बाजू आहे. मे महिन्यांत शाळेस सुट्टी, जुलैंत आकाशांत ढग. निसर्गानेंच जणूं परीक्षकांशीं संधान बांधलें आहे. शिवाय अभ्यासक्रम संपवावयाचा असतो. पण साहित्य म्हणाल तर एक सरळ काठी, ओळंबा, खडू आणि सपाट अंगण. बारापासून एकपर्यंत दर पांच मिनिटांनीं छायेच्या टोकाशीं खूण करावी. सर्वांत आंखूड छाया तीच दक्षिणोत्तर रेषा. मग मुलास ना पुस्तकावर विसंबावें लागतें, ना घड्याळावर.

आणि हें कांहीं परकें शास्त्र नव्हे. आपल्या घरोघरीं पंचांग असतें. पंचांगगणितांतली पलभा म्हणजे विषुवदिनीं बारा अंगुळांच्या शंकूची मध्याह्नछाया. केडगांवीं ती चार अंगुळांहून किंचित् अधिक भरते. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853-1898) पेशानें शिक्षकच होते. आम्ही मात्र पंचांग उघडतों तें मुहूर्तापुरतें, आणि शंकु शब्दाशीं आमची ओळख भूमितीच्या पुस्तकापुरती.

येत्या 21 सप्टेंबरच्या सुमारास पाऊस उघडला असेल, तर विषुवदिनाआधींच आरंभ करावा. नोंदवहींत तारीख, वेळ आणि छायेची लांबी असे तीन रकाने आंखावेत. चौथा मुलांच्या शंकांसाठीं मोकळा ठेवावा, आणि तो इतर तिघांहून रुंद असावा.