‘आहे’ काढ

“यातला ‘आहे’ काढ,” एवढंच म्हणून ते ज्येष्ठ नट मेकअपला निघून गेले. मी पानं हातात धरून उभा. पुरुषोत्तम करंडकात एकांकिका गाजवून आलेलो, त्यामुळे आपल्याला हशे घेता येतात असा समज. टीव्हीसाठी मात्र हे पहिलंच स्किट.

डॉक्टर पेशंटला विचारतो, “चालणं होतं का?” उत्तर बायको देते. मी लिहिलं होतं, “लग्नात सात पावलं चालले होते, तेवढंच त्यांचं चालणं झालेलं आहे.” वाचनाला कुणी हूं की चूं केलं नाही. खोडत खोडत उरलं ते असं: “लग्नात झालं होतं. सात पावलं.” तालमीत स्पॉटदादा फिस्सकन हसला, ट्रेमधला चहा बशांत सांडला.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही आमची खरी अडचण. हशा ‘पावलं’वर उठायला लागतो आणि ‘झालेलं आहे’ त्याच्या पायात येतं. पुढे बहिणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर तपासतानाही मी आधी ‘आहे’ शोधत होतो.

बाकी काम हमालीचं. आठवड्याला तीन स्किटं, आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे. ते पडले की चॅनलकडून सूचना: वकील नको, नर्स नको, अमक्या गावचा उल्लेख नको. शेवटी ज्याची संघटना नाही असा एकच माणूस हाती उरतो, नवरा. चिमणरावाचे लेखक चिं. वि. जोशी या बाबतीत सुटले. ते 1963 साली गेले आणि मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 मध्ये. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव पडद्यावर आला, तेव्हा लेखकाला बदल सुचवायची कुणाची सोयच नव्हती.

मानधन भाग दाखवल्यावर 90 दिवसांनी. तेही स्किट कापलं गेलं नाही तर. हे पैसे मागायला फोन करताना मला एकही विनोद सुचलेला नाही.

ते पहिलं स्किट लागलं, त्या रात्री आम्ही तिघं टीव्हीसमोर होतो. “सात पावलं” आलं आणि बाबा टीव्ही सोडून आईकडे बघायला लागले. हे वाक्य तिनं आमच्या डॉक्टरांसमोर खरोखरच टाकलं होतं, असंच, तोडून. लांबवलं होतं मी.

“वाक्य माझं,” आई म्हणाली. “पैसे?”

“नव्वद दिवसांनी.”