सोरचा पहिला धडा

शनिवारी नखं कापू नयेत, तिन्हीसांजेला तर मुळीच नाही, असं आमच्या घरी सांगत. एका हाताची कापावीत आणि दुसऱ्या हाताची राखावीत, असं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. क्लासिकल गिटारचं शिक्षण इथूनच सुरू होतं. डावा हात तारा दाबतो, म्हणून त्याची नखं पार कापलेली हवीत. उजवा हात तारा छेडतो, म्हणून त्याच्या अंगठ्याची आणि पुढच्या तीन बोटांची नखं टोकापलीकडे जेमतेम डोकावायला हवीत. करंगळीला काम नसतं, तिचं काहीही करा. राखलेली नखं आधी घासायची, मग अगदी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची, कारण नखाचा एवढासा खडबडीतपणाही तारेवर स्पष्ट ऐकू येतो. कणीक मळताना ती आड येतात. लोकलमध्ये कडी धरलेल्या हाताकडे समोरचा माणूस बघत राहतो आणि मग नजर दुसऱ्या हाताकडे नेतो.

या नखांवरून एकोणिसाव्या शतकात मोठा मतभेद होता. फर्नांदो सोर हा बार्सिलोनाचा, जन्म 1778 चा. तो नखं न लावता, बोटाच्या मांसल टोकाने वाजवायचा. माद्रिदचा दिओनिसिओ आग्वादो त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, आणि तो नखवाला. आपल्याकडे एवढ्यावरून दोन घराणी झाली असती आणि एकमेकांच्या मैफिलीला जाणं बंद झालं असतं. हे दोघे पॅरिसमध्ये जिवलग मित्र होते. सोरने दोन गिटारींसाठी एक रचना केली आणि तिला ‘दोन मित्र’ असंच नाव दिलं. पुढे फ्रान्सिस्को तारेगाने उतारवयात नखं कापून टाकली. विसाव्या शतकात आंद्रेस सेगोव्हिया आला, त्याच्याबरोबर नखं परत आली, आणि आज बहुतेक सगळे नखवालेच आहेत. नवशिक्याने या वादात पडू नये. सुरुवातीला बोटाचं टोक पुरतं.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो तो तारांचा. गिटार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉलेजच्या कट्ट्यावरची, सहलीच्या शेकोटीपाशी झणझणणारी गिटार येते. तिला पोलादी तारा असतात, दांडी अरुंद असते आणि हातात प्लास्टिकचं पिक असतं. क्लासिकल गिटारच्या तारा नायलॉनच्या. खर्जातल्या तीन तारांच्या आतही नायलॉनचे बारीक धागेच असतात, वरून धातूची तार गुंडाळलेली. दांडी रुंद, जिथून तारा सुटतात तिथे साधारण 52 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक तारेशी स्वतंत्रपणे बोलायला बोटांना जागा मिळते. वाजणाऱ्या तारेची लांबी बहुधा 650 मिलिमीटर. हे माप रुळलं ते अल्मेरियाच्या आंतोनिओ दे तोरेस या सुताराच्या हातून. आवाज तबलीत असतो, बाजू आणि पाठ यांना फारसं महत्त्व नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला त्याने 1862 मध्ये एक गिटार बनवली. तिची तबली लाकडाची होती, बाकी अंग पुठ्ठ्याचं. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. असा हट्टी माणूस आपल्याला आवडतो.

नायलॉनची गोष्ट त्याहून अलीकडची. त्याआधी वरच्या तारा जनावराच्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागलं आणि वादकांना तारा मिळेनाशा झाल्या. न्यूयॉर्कमधला वाद्यकारागीर अल्बर्ट ऑगस्टीन याने नायलॉन वापरून पाहिलं, सेगोव्हियाने ते उचलून धरलं. आज आपण ज्याला गिटारचा मऊ, पारंपरिक आवाज म्हणतो तो असा टंचाईतून आलेला आहे. या वाद्यावर पोलादी तारा मात्र कधीही चढवू नयेत. त्यांचा ताण जवळपास दुप्पट असतो, घोडी तबलीसकट उचकटून येते. नव्या नायलॉन तारा काही दिवस ताणत राहतात, एक सुरात आणावी तोवर पहिली उतरलेली असते. याचा त्रास करून घेऊ नये. सुरात लावणं हाच पहिल्या आठवड्यातला रियाज समजावा. पाऊस सुरू झाला की मुंबई-कोकणात तबली फुगते, तारा दांडीपासून वर उचलल्या जातात आणि बोटं जास्त दुखतात. विदर्भातल्या मे महिन्यात उलटं होतं. लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं हाताला टोचू लागतात, आणि नशीब वाईट असेल तर तबलीला भेग जाते. स्पेनच्या हवेत जन्मलेलं वाद्य आहे, त्याला पेटीत बंद ठेवावं.

मग बसायचं कसं ते. खुर्चीच्या कडेशी बसायचं, डावा पाय एका छोट्या घडीच्या चौरंगावर, गिटारची कंबर डाव्या मांडीवर, दांडी डोक्याच्या उंचीपर्यंत वर गेलेली. तो चौरंग विकत मिळतो, पण मी घरातले दोन पाट एकावर एक ठेवले आणि भागवलं. आजेसासूबाईंच्या काळातले शिसवी पाट, त्यांच्यावर पंगती उठल्या, मुंजी लागल्या, आता त्यांच्यावर एक गिटार शिकणारा पाय असतो. डाव्या हाताचा अंगठा दांडीच्या मागे राहतो, पुढून दिसता कामा नये. तो आपोआप वर चढून येतो आणि दांडी मुठीत धरू पाहतो. ही जुनी सवय आहे, काहीही हातात आलं की घट्ट धरायची.

पहिले कित्येक दिवस डाव्या हाताला काही कामच देत नाहीत. उजव्या हाताने मोकळ्या तारा वाजवायच्या. बोटांची नावं स्पॅनिश आहेत. अंगठा पुल्गार, मग इंदिसे, मेदिओ, आनुलार. स्वरलिपीत त्यांची आद्याक्षरं लिहिलेली असतात. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, चालल्यासारखी. एका पद्धतीत बोट तार छेडून शेजारच्या तारेवर विसावतं, तिला आपोयांदो म्हणतात. दुसरीत ते मोकळ्या हवेत सुटतं, ती तिरांदो. पहिलीचा आवाज भरदार, दुसरीचा हलका. ज्यांनी तंबोरा छेडला आहे त्यांना इथे आयती मदत होते. तारेला झटका न देता तिला फक्त सोडायचं असतं, हे त्यांच्या बोटांना आधीच ठाऊक असतं.

पण तंबोऱ्याची सोबत तिथेच संपते, आणि मला वाटतं की आपल्या कानांची खरी परीक्षाही तिथेच सुरू होते. तंबोऱ्याला जवारी असते, स्वर घोडीवर रेंगाळतो, पसरतो, आणि पुढची तार येईपर्यंत मागची गेलेली नसते. पेटीवर बोट ठेवलं आणि भाता हलत राहिला की स्वर हवा तेवढा वेळ टिकतो. सतारीवर तार ओढून मींड घेता येते, एका स्वरातून दुसऱ्यात घरंगळत जाता येतं. गिटारचा स्वर छेडल्या क्षणापासून मरू लागतो. त्याला वाढवता येत नाही, फुगवता येत नाही. दरबारीतला तो झुलणारा गंधार इथे मिळायचा नाही, कारण पडदे पक्के आहेत आणि स्वर बारा समान भागांत कापून ठेवलेले आहेत. आपल्यासारख्या अभंग आणि नाट्यपदं ऐकत वाढलेल्या माणसाला आधी हे दारिद्र्यच वाटतं.

आमचे सर एक सोपा खेळ घेत. सगळ्यात जाड सहावी तार एकदाच छेडायची, आणि ज्याला ती संपली असं वाटेल त्याने हात वर करायचा. वर्गात कधीच सगळ्यांचे हात एकत्र वर गेले नाहीत. मग तेच पहिल्या तारेवर. ती बिचारी लवकर जाते, आणि नेमकी तिच्यावरच धून असते. "आता तुमच्या लक्षात येईल घाई का करायची नाही ते," सर म्हणायचे. स्वर इतका थोडका टिकतो, तर डाव्या बोटाने तो अर्ध्यात सोडून देण्याइतकी उधळपट्टी कोण करेल? पुढचं बोट तारेवर पडेपर्यंत मागचं उचलायचं नाही. सुरुवातीच्या महिन्यांत शिकायचं ते एवढंच, असं माझं मत आहे. कॉर्ड, वेग, ताल, सगळं नंतर.

सोरचा 25 धड्यांचा एक संच आहे, ओपस 60. त्यातल्या पहिल्या धड्यात एका वेळी एकच स्वर. कॉर्ड नाही, करामत नाही, दहा वर्षांच्या मुलालाही जमेल असा. पण तो वाजवताना कळतं की एक माणूस दोघांचं बोलणं बोलतो आहे. एखादा स्वर खाली खर्जात पडतो आणि वरची धून त्याला उत्तर देते. पुढच्या धड्यांत हे दोघे वेगळे होतात. अंगठा खालची बाजू सांभाळतो, बाकीची बोटं वरची. आपल्या संगीतात एक गातो आणि बाकीचे त्याच्याभोवती असतात, इथे एकाच माणसाच्या हातात दोन-तीन आवाज असतात आणि त्यांना एकमेकांवर ओरडू द्यायचं नसतं. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा स्वर मरण्याचं दुःख थोडं कमी होतं. वरचा विरत असतो तेव्हा खालचा उभा असतो.

पलट्यांची हौस असणाऱ्यांसाठी माउरो जुलियानी आहे. 1812 मध्ये व्हिएन्नात त्याच्या ओपस 1 मध्ये उजव्या हाताचे 120 व्यायाम छापले गेले. डाव्या हाताला जवळजवळ शेवटपर्यंत दोनच कॉर्ड, उजवा हात मात्र दर वेळी नव्या क्रमाने. शेजाऱ्यांना ते आवडत नाहीत. मला आवडतात.

स्वरलिपी वाचायला शिकणं टाळता येत नाही. पाच रेघांवरचे ठिपके, आणि तेही गिटारसाठी प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहिलेले. शिवाय एकच स्वर अनेक जागी सापडतो. पहिल्या मोकळ्या तारेचा ‘ई’ दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याला, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या, पाचवीवर एकोणिसाव्या पडद्याला मिळतो, आणि दर ठिकाणी त्याचा रंग निराळा. हे सगळं सारेगममध्ये उतरवून घेण्याचा मोह होतो. माझा सल्ला, करू नका. आपला सा गायकाबरोबर सरकतो, इथली पट्टी जागची हलत नाही, आणि दोन हिशेब एका डोक्यात मावत नाहीत.

हे वाचन ज्यांना लहानपणीच मिळालं ते गोव्यातले. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवत. त्यातलेच कितीतरी वादक पुढे मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत समोर कागद ठेवून वाजवू लागले. पणजीच्या कला अकादमीत आजही पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. मुंबईत धोबी तलावला 1865 पासूनचं फुर्टाडोज आहे, तिथे स्वरलिपीची पुस्तकं हातात घेऊन चाळता येतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा इथे बसून देता येतात. परीक्षा द्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मोठ्या वयाच्या माणसाने त्यांच्या पुस्तकातल्या सोप्या रचना तरी बघाव्यात, निवड चांगली असते.

एक सापळा सांगून ठेवतो. ‘स्पॅनिश रोमान्स’ नावाची धून आहे. रेने क्लेमाँच्या 1952 च्या फ्रेंच चित्रपटात नार्सिसो येपेसने ती वाजवली आणि ती जगभर झाली. मूळ रचना कुणाची यावर अजून एकमत नाही. तिचा पहिला भाग नवशिक्याला लवकर जमतो. पहिल्या तारेवर धून, बाकी सगळं बोटांच्या सवयीने. मग दुसरा भाग येतो, तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि करंगळी लांब ताणायची. तिथे गाडी अडते ती अडतेच. जगात जेवढे लोक रोमान्सचा पहिला भाग वाजवतात त्यातले फारच थोडे दुसऱ्यातून नीट बाहेर पडतात.

आणि एक स्वप्नही सांगतो. तारेगाची ‘अलांब्राच्या आठवणी’. तिच्यात अंगठा खाली चालत राहतो आणि वर अनामिका, मधलं, तर्जनी एकाच तारेवर इतक्या भराभर पडतात की कानाला अखंड स्वर ऐकू येतो. मरणाऱ्या स्वराला न मरू देण्याची ही युक्ती. बोटं थांबली की तो थांबतो, हे माहीत असूनही कान फसतात. ती यायला वर्षं लागतात. त्याच तारेगाची ‘लाग्रिमा’ आहे, एका पानात मावणारी. ती त्या मानाने लवकर येते आणि कमी सुंदर नाही.

तेव्हा गिटार घ्याल तर नायलॉनच्या तारांची घ्या, जमल्यास अस्सल लाकडाच्या एकसंध तबलीची, प्लायवूडची नको. निदान सुरुवातीचे काही महिने समोर शिक्षक असू द्या, मनगट कुठे वाकतं हे स्वतःला दिसत नाही. रोमान्सचा दुसरा भाग वर्षभर बाजूला ठेवा. तोवर सोरचे पहिले आठ-दहा धडे नीट वाजवा, आणि घरी आलेलं कुणी "एखादं गाणं वाजव ना" म्हणालं, तर त्यातलाच पहिला वाजवून दाखवा.