पाच गाठींची पुडी

सराफाच्या कात्रीचा आवाज मला अजूनही सोसत नाही. बाई हासळी, साखळ्या, राणी छाप रुपयांचा हार काढून समोर ठेवते. दोरा कचकन कापला जातो, चांदी काट्यावर चढते आणि मणी शेजारच्या डब्यात पडतात. मोडीत मण्याला वजन नसतं. शहादा-तळोद्याच्या पेठेतले असे डबे मी विकत घेते. मणी रिठ्याच्या पाण्यात धुते, निवडते आणि पुन्हा ओवते. माझं पोट त्यावर चालतं.

आजी हेच काम धडगावच्या बाजारात करायची. पण तिच्याकडे मणी विकायला कुणी येत नसे. पावरा, भिल्ल बायका डोंगर उतरून यायच्या आणि फडक्यात बांधलेले आपलेच मणी तिच्यापुढे ओतायच्या. माळ तुटलेली असायची, आईची लेकीला द्यायची असायची, नाहीतर होळी तोंडावर आलेली असायची. आजी पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवायची, त्यावरून मेण फिरवायची आणि दर दोन मण्यांमध्ये बारीक गाठ मारायची. रानात फांदीला अडकून माळ तुटलीच, तर एखाददुसराच मणी जावा म्हणून ती गाठ. मजुरी म्हणून कधी पैसे मिळत, कधी ओंजळभर चारोळी, कधी आमचूर. आमच्या घराला वर्षभर आमचुराचा वास असायचा.

डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त बघायला तिनेच मला शिकवलं. तांबडा अकीक असला की ती भोकातून काडी घालून पाहायची. जुन्या अकीकाला कमठ्याच्या सामत्याने दोन्ही बाजूंनी भोक पाडत, त्यामुळे मधोमध ते किंचित चुकतं आणि काडी अडते. हा दगड राजपिपळ्याच्या डोंगराशी असलेल्या रतनपूरचा. तो खंभातला जाई, तिथे मडक्यात घालून शेणीच्या धगीवर भाजला की तांबडा होई. आता यंत्राने आरपार सरळ भोक पडतं. काडी अडत नाही, आणि मला चुकल्यासारखं वाटतं.

काचेच्या मण्याची ओळख वेगळी. वितळलेली काच तारेवर गुंडाळून केलेल्या मण्यावर भोकाभोवती वळ्या दिसतात. काही मणी बाहेरून लाल आणि भोकाशी पांढरे. लाल काच महाग, म्हणून आत पांढरी भरायची ही व्हेनिसची घडण. बोहेमियाची काचही मुंबई बंदरात उतरे. तिथून हातोहात, बाजारोबाजार ती सातपुड्यातल्या गळ्यांपर्यंत चढली. ज्यांनी ती घडवली त्यांना धडगाव कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, आणि जिने घातली तिला व्हेनिस. मला हे फार मोठं वाटतं.

आता होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात गिलटाचे दागिने आणि प्लास्टिकचे मणी ढिगाने असतात. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यावर कोण कुणाला दोष देणार? दवाखाना, लेकराची फी, बियाणं यांसाठी हासळी मोडते. त्याबद्दल मी कुणालाही बोल लावत नाही. पण मणी कुणाच्या गळ्यातून काढून मागायचा नाही, हा माझा नेम आहे. कात्री चालून गेली असेल, तरच घ्यायचा.

माझी गिऱ्हाइकं पुण्या-नाशकातली. त्यांना दोन्ही कानांतले मणी सारखे हवे असतात. शंभर वर्षं गळ्यावर घासून झिजलेले दोन मणी सारखे कसे असतील? मी जवळात जवळची जोडी लावते, पण झिलई चढवत नाही. तारेत ओवायचंही मी सोडलं. तार भोकाच्या कडा खाते. आजीसारखीच मेणाच्या दोऱ्यावर आले.

तिच्या पत्र्याच्या डब्यात एक पुडी उरली आहे. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून पुडीच्या सुतळीला ती गाठी मारायची: एका पाड्याला दोन, दुसऱ्याला तीन. ओवून झालेली माळ बाई पुढच्या बाजाराला घेऊन जाई. १९९३ च्या पावसाळ्यात नर्मदेकाठच्या मणिबेलीत सरदार सरोवराचं पाणी शिरलं. महाराष्ट्रातली तेहतीस गावं त्या बुडिताच्या हिशेबात होती. कुणी वर डोंगरात सरकलं, कुणी तळोदा-शहाद्याच्या वसाहतींत आलं. त्या वर्षांत कधीतरी ही पुडी न्यायला कुणी आलं नाही. आजीने ती शेवटपर्यंत विकली नाही.

आत तांबडे-पांढरे मणी आहेत, आणि मधे एकच अकीक. सुतळीला पाच गाठी. पाच गाठी म्हणजे कोणता पाडा, हे आजीला विचारायचं राहून गेलं. दर भोंगऱ्याला मी ती पिशवीत घालून धडगावला नेते. म्हाताऱ्या बायकांपुढे उलगडून ठेवते. त्या मणी हातात घेतात, बोटाने चाचपतात, एकमेकींना दाखवतात. गेल्या खेपेला एकीने अकीक बराच वेळ मुठीत धरला, मग मान हलवून परत दिला. मी पुन्हा पुडी बांधली, पाचही गाठी होत्या तशाच मारल्या.