आधी प्लास्टिक ओळखा, मग गोंद निवडा

प्लास्टिकची मोटार मोडली की बहुतेक घरांत पहिली आठवण होते ती फेविक्विकची. दोन थेंब टाकले, दाबून धरलं, काम संपलं. जत्रेतल्या खेळण्याला ते चालून जातं. पण जी वस्तू पुन्हा मिळणार नाही, तिच्या बाबतीत इतकी घाई परवडत नाही.

आमच्या घरी अशी एक वस्तू आहे: काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचं वीतभर मॉडेल. अब्बांनी मुंबईत अशीच टॅक्सी चालवून आम्हा भावंडांना शिकवलं. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. अब्बांचा इंतकाल त्याआधीच झाला होता. ईदच्या साफसफाईत हे मॉडेल कपाटावरून पडलं. पुढचा बंपर तुटला, समोरची काच निखळली, मागच्या चाकांचा लोखंडी दांडा सुटला आणि टपावरच्या कॅरिअरचे दोन तुकडे झाले.

आम्ही सगळे तुकडे एका डब्यात ठेवले आणि गोंदाआधी पाण्याची वाटी घेतली. बंपरचा तुकडा पाण्यात बुडाला, कॅरिअरचा तरंगला. बुडणारं कडक प्लास्टिक बहुधा पॉलिस्टायरीन किंवा एबीएस असतं. तरंगणारं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन असतं. हाताला मेणचट लागणाऱ्या या प्लास्टिकला घरातला कोणताही गोंद नीट धरत नाही.

बंपरसाठी मॉडेल बनवणारे वापरतात ते प्लास्टिक सिमेंट आणलं. ते चिकटवत नाही, तर दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. म्हणून आधी गाडीच्या पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी, एक थेंब लावून पाहिला. प्लास्टिक मऊ पडलं, खात्री झाली. बंपरवरचा चंदेरी मुलामा सांध्यापुरता खरवडून काढावा लागला. मुलामा किंवा रंग मध्ये असेल तर सिमेंट प्लास्टिकपर्यंत पोहोचतच नाही. मग अगदी थोडं लावून रात्रभर हलवलं नाही.

काचेसाठी मात्र ना सिमेंट, ना फेविक्विक. सिमेंटने पारदर्शक प्लास्टिक डागाळतं आणि फेविक्विकच्या वाफेने त्यावर पांढरं धुकं बसतं. जुन्या कव्वालीच्या कॅसेटच्या डबीवर आम्ही हे करून पाहिलं. सकाळी डबी थेंबाभोवती धुरकट झाली होती. काचेच्या कडेला साधा पांढरा फेविकॉल काडीने लावला. सुकल्यावर तो पारदर्शक होतो, आणि जास्त झालेला ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसता येतो.

लोखंड आणि प्लास्टिक जोडायला दोन ट्यूबवाला अरल्डाइट. दोन्ही भाग सारखे घेऊन नीट घोटले आणि दांडा धरणाऱ्या खोबणीलाच लावले. दांड्याला लागला असता तर चाकं फिरली नसती.

मुलं सोबत असतील तर काही गोष्टी सांभाळा. खिडकी उघडी ठेवा, सिमेंटची वाफ छातीत जाऊ देऊ नका. फेविक्विक सुती कापडाने किंवा कापसाने पुसू नका, ते तापून चटका बसू शकतो. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन गाडीवर वापरू नका, डागासोबत प्लास्टिकही विरघळेल.

राहिलं कॅरिअर. त्याला गोंद नव्हताच. बारीक सुईने भोकं पाडून आम्ही ते काळ्या दोऱ्याने बांधलं. जवळून पाहिलं तर गाठ दिसते, पण ती तशीच ठेवली. अब्बाही प्रवाशांचं सामान टपावर दोरीनेच बांधायचे.