जोधपुरची निळी खोली

काळसर निळ्या रंगाविषयीं आपल्या घरांतून एक अढी असते. बैठकीच्या भिंतींस जांभळी झांक असलेला गर्द निळा रंग द्यावा, असें तरुण मंडळींनीं सुचविलें कीं वडीलधारीं माणसें म्हणतात, "घरांत अंधार कशाला कोंडतां?" अमरसिंहानेंही आपल्या कोशांत 'नील' हा शब्द कृष्णवर्णाच्या पर्यायांतच घातला आहे, तेव्हां ही शंका अगदींच निराधार नव्हे. परंतु तिचा निकाल ज्यास डोळ्यांनीं पाहावयाचा असेल त्यानें एकदां जोधपुरास जावें.

राव जोधानें इ. स. १४५९ मध्यें वसविलेल्या या नगरांत, मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशीं, ब्रह्मपुरी नांवाची जुनी वस्ती आहे. तटावरून खालीं पाहिलें म्हणजे एकास एक बिलगलेलीं निळीं घरें दृष्टीस पडतात. प्रथम ही ब्राह्मणांच्या घरांची खूण होती व पुढें इतरांनींही ती उचलली, असें तेथें सांगतात.

या रंगाची कृति आपणांस परकी नाहीं. आपल्याकडेही भिंती पांढऱ्या करतांना चुन्यांत चिमूटभर नीळ टाकीत. तिनें चुन्याचा पिवळटपणा मोडतो. तीच नीळ मूठमूठ घातली कीं भिंत निळी होते. जांभळी झांक असलेली ही नीळ पूर्वीं बदख्शानांतील राजावर्त मण्याच्या पुडीपासून करीत व ती फार महाग पडे. इ. स. १८२८ च्या सुमारास चिनी माती, सोडा, गंधक व कोळसा एकत्र भाजून ती कृत्रिम रीतीनें होऊं लागली, आणि सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आली.

चुना मुळांत पांढरा, म्हणून त्यांत कालविलेला रंग फारसा गडद होत नाहीं. मीं पाहिलेल्या एका घरीं मात्र आंतल्या खोलीस तैलरंग दिला होता, तो थेट पिकल्या जांभळासारखा. भर दुपारीं बाहेरच्या उन्हानें डोळे दिपले होते. त्या खोलींत पाऊल टाकतांच ते निवले. क्षणभर कांहीं दिसेना. मग हळूहळू फळीवरचीं पितळी भांडीं उजळलीं, गादीवरची पांढरी चादर उठून दिसूं लागली, आणि खोलीचे कोपरे जणूं मागें सरकले. खोली लहान असूनही कोंदट वाटेना. कारण उघड होतें. दार चौकाकडे होतें, आणि चौकाच्या फिकट भिंतींवरून उजेडाचा लोट आंत येत होता. गर्द भिंत प्रकाश गिळते. पण तेथें तो गिळूं देण्याइतका मुबलक आहे. संध्याकाळीं पिवळा दिवा लागला, तेव्हां तीच भिंत काळीठिक्कर झाली.

हा रंग घर थंड ठेवतो असें पुष्कळ लोक म्हणतात. वस्तुतः ऊन परतवितो तो फिकट चुना. गर्द रंग उष्णता शोषून घेतो. म्हणून बाहेर फिकट आणि आंत गर्द, हीच योजना शहाणपणाची.

कोंकणांत आषाढांत ज्या माजघरांत दोनप्रहरींही दिवा लागतो, तेथें हा रंग देणें म्हणजे अंधारांत भर घालणें होय. उलट, देशावरच्या पश्चिमाभिमुख खोलींत, जेथें तिसऱ्या प्रहरीं उन्हाचा ताप होतो, तेथें छत पांढरें ठेवून एखाद्या भिंतीस तो खुशाल द्यावा. आधीं एका फळीवर रंग लावून ती त्या भिंतीशीं ठेवावी. सकाळीं, दुपारीं, तिन्हीसांजेस आणि दिव्याच्या उजेडांत घरांतील सर्वांनीं ती पाहावी, व मगच ठरवावें.

ब्रह्मपुरींत आतां जुनीं घरें पाडून सिमेंटचीं उठत आहेत. चुन्याचा हात पुनःपुन्हां द्यावा लागतो. तेवढी उसंत पुष्कळांस राहिलेली नाहीं. एका घरानें रंग सोडला कीं शेजारचें घर एकटें पडतें. ज्यांस तें निळें नगर पाहावयाचें असेल, त्यांनीं फार दिवस लोटूं नयेत.