पुंगळीवरची अक्षरे

मराठी वर्तमानपत्रांत 'पुंगळी' हा शब्द बहुधा एकाच प्रकारच्या बातमीत भेटतो. घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, पोलिसांनी त्या ताब्यात घेतल्या, असे ते वाक्य असते. गोळी सुटली, दारू जळाली, आणि मागे पितळेचे टरफल उरले. ते टरफल म्हणजे पुंगळी. 'रिकामी' हे विशेषण तिला इतके चिकटून गेले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे सहसा कोणास वाटत नाही. हा लेख त्या विशेषणाविषयी आहे.

आम्ही गेली वीसेक वर्षे अमेरिकेतील मिसुरी राज्यात राहतो. पेशाने साहित्याचे शिक्षक. आमच्या शेजारी एक वृद्ध यंत्रकारागीर राहतात. तारुण्यात सक्तीच्या भरतीने त्यांनी सैन्यात काही काळ काढला, पुढे चाळीस वर्षे लेथवर काढली. आता शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर जुन्या लष्करी घाटाच्या रायफलीने कागदी लक्ष्यावर नेम धरणे हा त्यांचा विरंगुळा. नवी काडतुसे महाग पडतात, म्हणून ते लष्कराने एकदा वापरलेल्या पुंगळ्या पोत्याने विकत घेतात आणि तळघरातील बाकावर त्या पुन्हा भरण्याजोग्या करतात. हा उद्योग इकडे कायदेशीर आहे, आणि जुनाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतूस बनवता येत नाही; तेव्हा भारतातील वाचकांनी पुढील मजकूर करून पाहण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठीच घ्यावा. तीन वर्षांपूर्वी त्या गृहस्थांची दृष्टी मंदावली. पुंगळीच्या बुडावरील बारीक अक्षरे त्यांस लागेनाशी झाली. तुमचा धंदा वाचण्याचाच आहे, तर एवढे वाचून द्याल काय, असे त्यांनी आम्हांस विचारले.

यावरून आमच्या घरात वाद झाला. ज्या देशात शाळकरी मुले दिवे मालवून वर्गाच्या कोपऱ्यात श्वास रोखून बसण्याची तालीम करतात, त्या देशात आपण काडतुसाच्या कामाला हात लावावा काय, असे आमच्या मुलीने विचारले. तिने ती तालीम स्वतः केलेली होती. प्रश्न रास्त होता. आम्ही एक मर्यादा आखून घेतली: वाचायचे, निवडायचे, तपासायचे, दारूला आणि गोळीला शिवायचे नाही. ही मर्यादा कितपत खरी, हा विचार तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

तांब्याला असतात तसे पुंगळीलाही गळा, पोट आणि बूड असते. गळा आणि पोट यांमधल्या उताराला खांदा म्हणतात. बुडाच्या मध्यभागी प्राइमर नावाची छोटी टोपी बसवलेली असते. रायफलीची सुई तिच्यावर आपटली की तिच्यातील स्फोटक पेटते आणि ती ज्वाला आतल्या दारूस पोचते. या टोपीभोवती अक्षरे ठोकलेली असतात. 'एल सी ६८' म्हणजे लेक सिटी, १९६८. लेक सिटीचा हा लष्करी काडतूस कारखाना आमच्याच राज्यात, इंडिपेंडन्स येथे, १९४१ साली सुरू झाला. वर्तुळात क्रूस असेल तर काडतूस नाटोच्या ठरीव मापाचे. पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना १८६९ सालचा. तेथल्या पुंगळ्यांवर 'के' आणि 'एफ' ही अक्षरे असतात. एका पोत्यात आम्हांस 'ओ एफ व्ही' ही अक्षरे मिळाली. ऑर्डनन्स फॅक्टरी, वरणगाव. भुसावळजवळच्या गावाहून निघालेली ती वस्तू कोणत्या वाटेने मिसुरीतील तळघरात आली, हे तिच्यावर कोठेच लिहिलेले नव्हते. आम्ही ती बराच वेळ हातात धरून बसलो तेव्हा त्या गृहस्थांनी विचारले, काही दोष दिसतो काय?

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या वाटेने आला असे मानतात. फ्रेंच भाषेत त्याचा भाऊबंद 'कार्तूश'. इजिप्तच्या देवळांवरील लेखांत काही अक्षरांभोवती लांबट कडे कोरलेले असते. नेपोलियनच्या सैनिकांना ते काडतुसासारखे दिसले, म्हणून त्यास कार्तूश म्हणू लागले, अशी या नावाची कथा सांगतात. त्या कड्यांत राजांची नावे होती, आणि १८२२ मध्ये शाम्पोलियाँने चित्रलिपी उलगडली ती याच नावांचा धागा धरून. काडतूस आणि लेखवाचन यांचा संबंध असा दोनशे वर्षांचा तरी आहे.

परंतु बुडावरची अक्षरे फार थोडे सांगतात. कोणी बनवले आणि केव्हा बनवले, इतकेच. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागील पानावर प्रकाशक आणि साल असावे, तसे ते आहे. वस्तूचा पुढचा वृत्तान्त वेगळ्या लिपीत असतो. प्राइमरवर सुईचा खळगा असतो. कडेवर ओरखडा असतो. बंदुकीतील आकडा तिला पकडून बाहेर खेचतो त्याची ती खूण. पोटावर एखादा पोचा असतो. बाहेर फेकली जाताना ती कोठे आदळली हे तो सांगतो. काही जर्मन घाटाच्या रायफलींच्या कोठीला उभ्या खाचा असतात, त्यांतून आलेल्या पुंगळीच्या अंगावर काळसर रेघांची ओळ उमटते. मशिनगनची कोठी सैल असते, म्हणून तिच्यातून गेलेली पुंगळी अधिक ताणलेली असते. बुडाच्या किंचित वर झळझळीत कडे दिसले तर तेथे धातू आतून पातळ झाला असे समजावे. पेपरक्लिपचे टोक वाकवून पुंगळीत घालावे आणि भिंतीवरून वर ओढावे. टोक खाचेत अडखळले तर ती पुंगळी मोडीत. पुढच्या बारात ती तेथेच दुभंगते, आणि तप्त वायू बंदूक धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. चुकीच्या वाचनाची किंमत इतकी रोकडी असलेला दुसरा मजकूर आमच्या अध्यापनात आला नाही.

यानंतर खरी तयारी सुरू होते. तिचे वर्णन करू जाता प्रत्येक क्रियापद पुसण्याचे निघते. सळईने जुना प्राइमर बाहेर ढकलतात. त्याच्याबरोबर सुईचा खळगा जातो. स्वयंचलित शस्त्रात प्राइमर निसटून यंत्र अडू नये म्हणून लष्करी कारखान्यात त्याच्याभोवतीचे पितळ चोपून आवळलेले असते. ती आवळण खरवडून किंवा दाबून काढतात, नाही तर नवा प्राइमर नीट बसत नाही. मग पुंगळीला वंगण लावून पोलादी साच्यात दाबतात. ज्या कोठीत ती फुगली होती तिचा आकार तेथे मोडतो आणि मूळ माप परत येते. दाबल्याने गळा लांबतो, तो छाटतात, ७.६२ मि.मी. नाटो काडतुसाची पुंगळी ५१.१८ मि.मी.पेक्षा लांब असून चालत नाही. आणि अक्रोडाच्या कवचाच्या किंवा मक्याच्या बुरकुंडाच्या भरडीत घोळवून तिचा काळेपणा घालवतात. राहिलेले बरेचसे ओरखडे तेव्हा बुजतात. जिला काही आठवत नाही अशी पुंगळी हीच उत्तम तयार पुंगळी.

मात्र धातूची स्वतःची स्मृती याने जात नाही. पुंगळीचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. ते जितके दाबावे, ठोकावे, तितके ताठर होते. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्याचे काम चालते तेथे हे कोणासही ठाऊक आहे: काही काळ ठोकले की भांडे भट्टीत घालून पुन्हा नरम करावे लागते, नाही तर ते तडकते. पुंगळीच्या गळ्यालाही अशीच ऊब द्यावी लागते. बूड मात्र मुळीच तापू द्यायचे नाही. तेथला ताठरपणाच दाब सोसतो. लष्करी पुंगळीच्या गळ्याखांद्यावर निळसर-तपकिरी डाग दिसतो तो कारखान्यात दिलेल्या या उबेचा. नागरी मालावरचा डाग कारखानदार पुसून टाकतात. लष्कर तो राहू देते, म्हणजे काम झाले आहे याचा पुरावा राहतो.

या डागामागे आपल्या पावसाळ्याचा एक धागा आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि काडतुसे तबेल्यांत ठेवली जात. उघडीप झाल्यावर पाहावे तो कित्येक पुंगळ्यांना भेगा. इंग्रजीत या विकाराला 'सीझन क्रॅकिंग' असे नाव पडले. त्याचा उलगडा मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ मध्ये केला. घोड्यांच्या मुतातील अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात राहून गेलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने धातू चिरत होता. ताण आधी हलका केला तर भेग पडत नाही. आजही या कामातला पहिला दंडक हाच, की अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळी चमकवू नये. वर काही दिसत नाही, आत मात्र ती दुबळी होते. पौम्य आम्लाचे पाणी चालते. आमच्या आईने देवाची उपकरणी चिंचेने घासली, त्यातले रसायन याहून फार दूरचे नाही. पण चिंच स्वयंपाकघरातली आणि हे काम तेथे कदापि न करण्याचे. प्राइमरच्या काजळीत शिसे असते. भरडीची धूळ घराबाहेर झाडावी, हात धुतल्यावाचून घासाला हात लावू नये.

'एल सी ६८' या शिक्क्याकडे पुन्हा येऊ. १९६८ हे व्हिएतनाम युद्धातील अत्यंत रक्तरंजित वर्ष. त्या सुमारास शेजारचे गृहस्थ स्वतः सैन्यात होते. पहिल्यांदा हा शिक्का हाती आला तेव्हा तो मोठ्याने वाचताना आमचा आवाज आपोआप खाली आला. त्यांनी ती पुंगळी शांतपणे त्याच सालाच्या डब्यात टाकली. एका कारखान्याच्या, एका सालाच्या पुंगळ्यांची जाडी सारखी असते, म्हणून साल वाचायचे, असे ते म्हणाले. लष्करी पुंगळी बहुधा नागरीपेक्षा जाड असते, तिच्यात जागा कमी, आणि दारू तेवढीच घातली तर दाब वाढतो; निवड करायची ती यासाठी. युद्धाविषयी ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, पुढेही नाहीत. आम्ही ज्या आकड्यात इतिहास वाचला, त्यात त्यांनी भिंतीची जाडी वाचली. दोघांचेही वाचन अचूक होते. त्यांचे अधिक उपयोगी होते, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही खुणांना इतिहास असतो हे केवळ साहित्यिकाचे भावुक कौतुक नव्हे. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाड येथे एम. एम. कलबुर्गी यांची त्यांच्या राहत्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. ते वचनसाहित्याचे अभ्यासक आणि कन्नड शिलालेखांचे जाणकार. झिजलेल्या दगडावरचे अक्षर लावण्यात त्यांचे आयुष्य गेले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूत गौरी लंकेश यांची हत्या झाली. दोन्ही ठिकाणी मिळालेल्या गोळ्या-पुंगळ्यांवरील खुणा न्यायवैद्यक तज्ज्ञांनी ताडून पाहिल्या, आणि दोन्ही हत्यांत ७.६५ मि.मी.चे एकच पिस्तूल वापरले गेले, असे तपास पथकाने त्याआधारे मांडले. ज्या सूक्ष्म ओरखड्यांना आमच्या तळघरातल्या बाकावर मळ म्हणतात, ते तेथे साक्षीदार झाले. लेख वाचणाऱ्या माणसाच्या मृत्यूविषयी जे बोलले, तेही धातूवर उमटलेली खूण होऊनच बोलले. तेथे त्या पुंगळ्यांना रिकामे कसे म्हणावे?

कायदाही तसे म्हणत नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने दारूगोळ्याची जी व्याख्या केली, तीत सुटी पुंगळीही मोजलेली आहे. आपल्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येतही दारूगोळ्याचे भाग येतात. दारू नाही, गोळी नाही, प्राइमर मेलेला. तरी कायद्याच्या लेखी ती वस्तू आपल्या कामावरून निवृत्त झालेली नाही. वाचू पण भरणार नाही, ही आम्ही आखलेली मर्यादा या व्याख्येपुढे फारशी टिकत नाही. निवडणे हा भरण्याचाच पहिला भाग आहे. मुलीला आम्ही हे सांगितले. तिने त्यावर एवढेच विचारले, की मग तुम्ही ते का करता?

याचे उत्तर आम्हांस त्या कामाच्या क्रमातच मिळाले. पुंगळी दोनदा तपासावी लागते: धुण्यापूर्वी एकदा, धुतल्यावर एकदा. मळाखाली भेग लपते, म्हणून दुसरे वाचन. चकाकीखाली पूर्ववृत्त लपते, म्हणून पहिले. कागदी लक्ष्यावर नेम धरणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात धोकादायक पुंगळी जाऊ नये, हे आमच्या वाचनाचे प्रत्यक्ष फळ. ते लहान आहे, पण खोटे नाही. आणि वस्तू निर्दोष, नवी, सर्वांसारखी दिसू लागण्याच्या आधी तिच्यावर काय होते ते कोणीतरी एकदा पाहिलेले असावे, ही आमची स्वतःची गरज. मुलीचे यावर समाधान झालेले नाही. तिचा आक्षेप आम्ही खोडू शकत नाही, आणि खोडू इच्छितही नाही. तो घरात जागा राहावा हेच बरे.

आपल्या वर्गांतूनही आपण पुष्कळ मजकूर घासूनपुसून विद्यार्थ्यांच्या हाती देतो. संदर्भ काढून टाकलेला, मापात छाटलेला, परीक्षेत सहज भरता येईल असा. त्याची सोय आम्ही नाकारीत नाही. शिक्षकास ती लागते. पण छाटण्यापूर्वीचे पहिले वाचन वर्गात, सर्वांच्या देखत व्हावे. कोठल्या कारखान्यातून आले हे अक्षरे सांगतील. कोणाच्या हातून, कशातून गेले हे ओरखडे सांगतील. दोन्ही वाचून झाल्यावर मग काय ते धुवावे.