पोपचा सूड

बर्लिनमध्ये रस्ता चुकला की मी फोन काढायचो नाही, मान वर करायचो. दोन इमारतींच्या फटीतून, झाडांच्या शेंड्यांवरून, कुठून ना कुठून तो टीव्ही टॉवर दिसायचाच. 368 मीटर उंच, शिडशिडीत, आणि वरच्या अंगाला गळ्यात लाडू अडकावा तसा चकचकीत गोळा. पुणेकराला याचं फार नवल नको. सिंहगड आम्ही लांबून ओळखतो तो तिथल्या टीव्ही टॉवरवरूनच.

गोळा पाहून सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक आठवतो. ते साल, ते राज्य पाहता आठवावाच. पूर्व जर्मनीच्या सरकारने 1965 ते 1969 अशी चार वर्षं खपून हा टॉवर उभारला. देवाधर्माशी त्या सरकारचं वाकडं. 1968 मध्ये लाइपझिगचं जुनं विद्यापीठ चर्च त्यांनी सुरुंग लावून पाडलं होतं. आणि इथे वर्षभरात पोलादी पत्र्यांनी मढवलेल्या त्या गोळ्यावर ऊन पडलं, तर लखलखीत क्रूस उमटला! लोकांनी त्याला नाव दिलं, 'पोपचा सूड'. मी पाहिला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ढग सरला आणि चार बाहू असे पेटले, की डोळे बारीक करावे लागले. खाली मारियनकिर्शे हे जुनं चर्च आपलं मुकाट उभं.

लिफ्टला वर जायला 40 सेकंद. कानांना दडे बसतात, ते सुटेपर्यंत आपण 203 मीटरवर. खाली श्प्रे नदी, पिवळ्या ट्राम, आगकाड्यांच्या पेट्या मांडाव्यात तशी घरं. बर्लिनची भिंत कुठून गेली होती ते शोधत राहिलो; सापडेना. एके काळी पूर्वेकडचा माणूसही तिकीट काढून इथे यायचा. पलीकडचं बर्लिन त्याला दिसायचं, तिथे जाता मात्र यायचं नाही.

टॉवर त्यांच्या टीव्हीचा, पण घरोघरी लोक पश्चिमेचे कार्यक्रम बघायचे. मला आमची गच्ची आठवली. वर काका अँटेना सिंहगडाकडे फिरवताहेत, खालून आई ओरडतेय, "अजून मुंग्याच आहेत!" पूर्व जर्मनीतही कुणी तरी असंच छपरावर चढलं असेल, दिशा तेवढी चोरून धरायची.

टॉवरचं उद्घाटन 3 ऑक्टोबर 1969चं, राज्याची विशी साजरी करायला. 1990 मध्ये नेमक्या 3 ऑक्टोबरला ते राज्यच जर्मनीत विलीन झालं. टॉवर राहिला.

वरच्या फिरत्या रेस्टॉरंटमध्ये कॉफी घेतली. सुरुवातीला त्याची एक फेरी तासाभराची असायची, पुढे वेग वाढवला. शेजारच्या टेबलावरच्या आजी अख्खी फेरी होईपर्यंत एका जागी बोट रोखायला थांबल्या होत्या. ती जागा आली. त्यांनी नातवाला काचेपाशी ओढलं, जर्मनमध्ये काही तरी सांगितलं. नातू फोनमध्ये होता. आजींनी वेटरला खूण करून आणखी एक कॉफी मागवली.